माझा वेगळा माईक

"एका वेळी किती जण गाणार?" दुकानदारानं विचारलं.

"आम्हाला आठ माईकचा पाहिजे," मी म्हणाले.

"दोनचा बास होतो," मालन म्हणाली.

दोघी एकदमच बोललो. दुकानदारानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि मग आमच्या ह्यांच्याकडं वळला. हे काचेखालच्या वायरी इतक्या लक्षपूर्वक बघत होते, की जणू त्या विकत घ्यायलाच मिरजेला आलोय.

आलो होतो ऑडिओ इंटरफेस घ्यायला. हा शब्द तेव्हा मला म्हणताही येत नव्हता. मालननं पहिल्या दिवशीच त्याला 'डबा' म्हणून टाकलं होतं आणि तेच नाव आमच्यात रुळलं होतं. माईकमधला आवाज घ्यायचा आणि कॉम्प्युटरला कळेल असा करून त्याच्यात सोडायचा, एवढंच त्या डब्याचं काम. पण हे ते एकदा सांगायला लागले की चहा थंड व्हायचा. बाकीचे लोक रिटायर झाले की बागेत रमतात नाहीतर देवदेव करतात. ह्यांनी वीज मंडळातून सुटल्या सुटल्या मागची खोली रिकामी केली, भिंतींना माझ्या जुन्या गोधड्या ठोकल्या आणि घरात स्टुडिओ झाला म्हणून जाहीर केलं.

आता स्टुडिओ झाला तर गाणारं कुणीतरी पाहिजे. ते घरातच होतं. जयसिंगपुरात आमच्या गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ होतं, दर गुरुवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी दत्ताची पदं म्हणायचो. मालन पेटीवर आणि पुढं म्हणणारी. शाळेतून निवृत्त झालेल्या अक्काताई तबल्यावर. मी मालनच्या डाव्या हाताला, तिच्या मांडीला मांडी लावून, आणि बाकीच्या टाळ घेऊन मागं. मंडळाला चाळीस वर्षं पुरी होत होती. सगळी पदं घरीच रेकॉर्ड करायची आणि प्रत्येकीच्या लेकीसुनांना पाठवायची, असं ठरलं होतं.

दुकानदारानं काउंटरवर दोन डबे मांडले. एक लहान, पुढं दोन भोकं. दुसरा लांबोडका, काळा, आठ भोकांचा, दिव्यांची नुसती आरास.

"काका, ह्यात फरक असा," तो म्हणाला, "ह्या छोट्यात दोनच माईक लागतात. म्हणजे सगळ्यांनी त्या दोन माईकभोवती बसायचं. जे येईल ते एकत्र येणार. मोठ्यात प्रत्येकाला आपला माईक. आवाज सुटे सुटे मिळतात. नंतर कुणाचा वाढवा, कुणाचा कमी करा."

"सुटेच पाहिजेत," मी म्हणाले.

"कशाला गं?" मालन म्हणाली. "आपण काय सुटं सुटं म्हणतो होय? एक माईक पेटी-तबल्याला, एक आपल्या दोघींच्या मधे. बसतो तसंच बसू. जवळ जवळ."

"तुला काय जातंय म्हणायला? मधला माईक शेवटी तुझ्याच तोंडापुढं येतो."

"मग तुझ्या पुढ्यात ठेव. मी मागं सरकते."

"वहिनी म्हणतात ते पण बरोबर आहे," हे वायरींतून डोकं वर काढून म्हणाले. "छोटा डबा चालवायलाही सोपा."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले.

त्या मंडळात माझं स्वतःचं असं एकच पद होतं. लग्न होऊन जयसिंगपुरात आले तेव्हा ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. मालननं घरातून हाताला धरून भजनाला नेलं होतं. कित्येक गुरुवार मी नुसतेच ओठ हलवायचे. मग एकदा तिनं ते पद मला देऊन टाकलं. "ध्रुपद सगळ्याजणी म्हणू, अंतरे प्रमिला म्हणेल," म्हणाली. तेव्हापासून ते माझं. गल्लीत कुणाकडं बारसं असो की वास्तुशांत, 'प्रमिलाबाईंचं पद' म्हटलं की सगळे समजायचे. आता ते कायमचं रेकॉर्ड होणार, आणि त्यातसुद्धा मी मालनच्या पेटीआड दबून जाणार, ही कल्पना मला सहन होत नव्हती. मला माझा आवाज पाहिजे होता. एकटीचा, स्वच्छ.

मालन हटेना. लहान डबा हातात घेऊन ती दुकानदाराला विचारत होती, "ह्याच्यात आवाज चांगला येतोय की नाही?" तो म्हणाला, "उत्तम येतो." ती म्हणाली, "मग झालं की."

माझं डोकं सणकलं. मी दुकानदाराला म्हणाले, "तुम्हाला खरं सांगू का, भाऊ? हिला माझा आवाज वेगळा नकोच आहे. मी अंतरा घेणार म्हटलं की हिचं आधीच कानाशी हूं हूं चालू होतं. एक ओळसुद्धा हिला माझी एकटीची सोसत नाही. दहा वेळा सांगून झालं, गुणगुणू नकोस म्हणून."

दुकानदार हसला. त्याला वाटलं असावं, बायकांची थट्टा चाललीय.

मालन हसली नाही. तिनं लहान डबा हळूच काउंटरवर ठेवला आणि पदर सारखा केला.

"घ्या मोठा," ती ह्यांना म्हणाली. "तिच्या मनात आहे तर तोच घ्या."

परत येताना गाडीत ती मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसली होती. मी पुढं बसून मांडीवर खोकं धरलं होतं. जिंकल्यासारखं वाटत होतं मला, खोटं कशाला बोलू?

रेकॉर्डिंगच्या दिवशी दुपारी सगळ्या जमल्या. ह्यांनी सकाळपासून वायरींचं जाळं अंथरलं होतं. कुकरसुद्धा लावू दिला नव्हता, शिट्टी येईल म्हणून. मालन आणि पेटी गोधड्यांच्या खोलीत, अक्काताई तिथंच कोपऱ्यात. टाळवाल्या बाहेर सोप्यात. आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, मधे एक जाड चादर टांगलेली.

"एवढ्या लांब?" मालननं विचारलं.

"एकीचा आवाज दुसरीच्या माईकमधे जायला नको, वहिनी," हे म्हणाले. "नाहीतर सुटे आवाज मिळत नाहीत. आठचा घेऊन मग काय उपयोग?"

"पण तिला माझं ऐकू यायला नको का?"

"पेटी येते की ऐकू," मी चादरीच्या अलीकडून म्हणाले. "तेवढी बास."

अक्काताईंनी तबल्यावरून मान वर करून मालनकडं बघितलं, असं चादरीच्या फटीतून मला दिसलं. मग परत तबला लावत बसल्या.

पहिली दोन-तीन पदं झाली. मग माझं आलं. माझ्या तोंडापुढं माईक, माझा एकटीचा. मी डोळे मिटून अंतरे म्हटले. काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा आला. कानाशी कुणी नाही, मांडीला कुणाची मांडी लागत नाही, मोकळ्या माळावर उभं राहून म्हणतेय असं वाटलं. पद संपल्यावर मी दाराशी बसलेल्या टाळवालीला म्हणाले, "आज कसं मोकळं वाटलं बघ. कुणी गुणगुणायला नाही कानाशी."

ती नुसती हसली आणि टाळांची दोरी नीट करायला लागली.

सगळं झाल्यावर मी पोहे आणले. एरवी पोह्यांवर तुटून पडणाऱ्या बायका त्या दिवशी ताटल्यांत बघून खात होत्या. 'छान झालं', 'छान झालं' म्हणत एकेक उठली. मालन तर बसलीच नाही.

"चहा तरी घे," मी म्हणाले.

"नको. घरी कामं पडलीत." दारात ती थांबली. "प्रमिले, ते तुझं पद आपण एकदा परत घेऊ या का? शेजारी बसून?"

"का? काय झालं त्याला?"

"काही नाही. सहज म्हणाले."

ती गेल्यावर मी ह्यांना म्हणाले, "बघितलंत? जळली. पहिल्यांदा माझं एकटीचं झालं तर तोंड बघा केवढं उतरलं तिचं." हे वायरी गुंडाळत होते.

त्यानंतर ह्यांचं मिक्सिंग सुरू झालं आणि ते काही संपेना. बाकीची पदं मला ऐकवली, सुरेख झाली होती. माझं पद मागितलं की, "त्याचं अजून चाललंय." मग एकदा ऐकवलं. त्यात पेटी होती, तबला होता, टाळांचा तर कल्लोळ होता, आणि मी कुठंतरी विहिरीच्या तळाशी.

"माझा आवाज कुठाय ह्यात?"

"आहे की. मागं आहे."

"मागं का? आठ भोकांचा डबा मी मागं राहायला आणला का? वाढवा."

"वाढवतो. जरा वेळ लागतो गं त्याला."

"वेळ कसला लागतोय? मालनबाईंनी काही सांगितलं का तुम्हाला?"

"त्यांनी काय सांगायचंय?" हे म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. चष्मा पुसायला लागले की ह्यांच्या पोटात काहीतरी आहे हे मला लग्नापासून माहीत आहे. मी ठरवलं, आपणच बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे भाजी आणायला गेले आणि मी त्यांच्या खुर्चीत बसले. मशीन चालवायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ह्यांनी एकेक बटण इतक्या वेळा समजावलं होतं, की झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पडद्यावर आवाजांच्या पट्ट्या एकाखाली एक, प्रत्येकीपुढं नाव टाईप केलेलं. पेटी. तबला. टाळ. मालन वहिनी. आणि माझ्या पट्टीपुढं नुसतं 'सौ.' प्रत्येक नावाशेजारी एक इंग्रजी एस. तो दाबला की बाकीचे सगळे गप्प, तेवढा एकच बोलतो.

मी कानाला हेडफोन लावले आणि 'सौ.'पुढचा एस दाबला.

आधी दाराची कडी वाजल्यासारखं झालं. मग माझा श्वास. मग मी.

पहिल्यांदा मला वाटलं, मशीन बिघडलंय. मी थांबवलं, मागं नेलं, परत लावलं. तेच. अंतरा वरून उचलायचा असतो. मी तो खालून उचलला होता, आणि वर पोचायच्या ऐवजी तिथंच कुठंतरी लोंबकळत होते. पुढची ओळ आणखी खाली. दुसरा अंतरा तर असा, की दुसऱ्या कुणी म्हटला असता तर मी पहिल्या शब्दालाच नाक मुरडलं असतं आणि घरी येऊन नक्कल केली असती. त्यात भर म्हणजे काय खुशीत म्हणत होते मी. डोळे मिटून म्हणतेय हे नुसतं ऐकूनही कळत होतं.

घरात कुणी नव्हतं, तरी मी वळून दाराकडं बघितलं.

मग मनात आलं, नेहमी तर असं होत नाही. इतकी वर्षं म्हणतेय, लोक माना डोलावतात. त्याच दिवशी काहीतरी झालं असणार. मालननंच पेटी चुकीची धरली असणार. हो, असंही आलं मनात. मी माझा एस काढला आणि 'मालन वहिनी'पुढचा दाबला.

ध्रुपद तिनं म्हटलं. सरळ, स्वच्छ. ध्रुपद संपलं आणि माझ्या अंतऱ्याची जागा आली. तिथं तिच्या पट्टीवर काहीच नसायला पाहिजे होतं. पण तिथं हळूच, मिटल्या ओठांनी, एक सूर आला. हूं. बरोबर मी जिथं उचलायचं होतं तो.

तिकडं स्वयंपाकघराच्या दारात मी खाली सुरू केलं होतं, ते लांबून, चादरीपलीकडून ऐकू येत होतं. तिनं परत तो सूर दिला, जरा मोठ्यानं. मी नाही धरला. धरणार कशी, मला तो पोचतच नव्हता. दुसऱ्या अंतऱ्याला तिनं तोच सूर आधीपासून लावून धरला, दम तुटेपर्यंत. आणि शेवटच्या अंतऱ्याला तर तिनं माझा पहिला शब्दच सुरात म्हटला, चादरीपलीकडं जावा म्हणून. गावात लांब चाललेल्या माणसाला हाक मारतात तसा.

माझ्या कानात आता तो सूर घुमायला लागला आणि मला सगळं ओळखीचं वाटलं. तोच तो, दर गुरुवारचा. माझ्या उजव्या कानाशी येणारा, ती बसायची त्या बाजूनं. मी अंतरा घ्यायच्या आधी एक क्षण. मला वाटायचं मी म्हणतेय. मी नुसती तिच्या सुरावर पाय ठेवून वर चढत होते आणि वर चढून तिलाच म्हणत होते, मधे मधे येऊ नकोस.

पद संपलं. मी एस काढायला हात नेला, तेवढ्यात त्याच पट्टीवर, लांबून पण अगदी स्पष्ट, माझा आवाज आला. "आज कसं मोकळं वाटलं बघ. कुणी गुणगुणायला नाही कानाशी."

त्यावर पेटीचा भाता मिटल्याचा आवाज आला. मग मालन म्हणाली, "चला अक्काताई, पुढचं घ्या."

ती धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात ना, ती त्या दिवशी माझ्यासाठी दुभंगली असती तर मी उडी मारली असती. मिरजेच्या दुकानातलं एकेक वाक्य आठवायला लागलं. तो दुकानदार हसला होता. आणि तिनं 'जवळ जवळ बसू' म्हणून किती वेळा सांगितलं होतं. ती लहान डब्यासाठी भांडत नव्हती, ती माझ्या शेजारच्या जागेसाठी भांडत होती. अक्काताईंनी मान का वर केली, टाळवाल्या ताटलीत बघून पोहे का खात होत्या, तेही कळलं. सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्याशिवाय अख्ख्या मंडळाला.

हे आले तेव्हा मी तिथंच बसले होते. गळ्यात हेडफोन तसेच. त्यांनी पडद्याकडं बघितलं, कोणता एस दाबलाय ते बघितलं आणि भाजीची पिशवी दाराशी ठेवली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"मला? मला सुरातलं काय कळतंय? ह्या मिक्सिंगलाच कळलं." ते स्टुलावर टेकले. "एवढी वर्षं मला वाटायचं तू छान म्हणतेस. म्हणजे म्हणायचीसच की छान. शेजारी त्या असायच्या ना."

"मग मला सांगितलं का नाही?"

"कसं सांगायचं ते सुचेना." त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "म्हणून तुझा आवाज मागं ठेवला."

मी रडले. मला रागही आला, पण तो कुणाचा येतोय ते कळेना, म्हणून रडले.

पुढचा गुरुवार अक्काताईंकडं होता. जाऊच नये असं वाटत होतं. डोकं दुखतंय म्हणून कळवायला फोनही हातात घेतला होता. मग म्हटलं, आज नाही गेले तर परत कधीच जाणार नाही.

मी पोचले तेव्हा सगळ्या बसल्या होत्या. मालननं पेटीचा भाता सोडला होता. तिच्या डाव्या हाताची जागा मोकळी होती. रेकॉर्डिंग झाल्यापासून तिथं बसायला मला कमीपणा वाटत होता, म्हणून मधल्या गुरुवारी मी समोर, अक्काताईंच्या बाजूला बसले होते. ती जागा तरीही कुणी घेतली नव्हती. मी माझी सतरंजीची घडी तिथं टाकली आणि बसले. मालननं मांडी जराशी सरकवली. माझ्याकडं बघितलं नाही.

"डबा चालतोय का बरा?" तिनं स्वर धरता धरता विचारलं.

"बदलून आणायला सांगितलाय ह्यांना."

"का गं?"

"दोनचाच पाहिजे. परत करू सगळं रेकॉर्डिंग." मी सतरंजीची कड सारखी केली. "तू म्हणालीस तसं. जवळ जवळ बसून."

तिची बोटं पट्ट्यांवर थांबली. अक्काताई तबल्यावर हातोडी मारत होत्या, त्याही थांबल्या. मला पुढं पुष्कळ बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं, घरून येताना रस्ताभर तेच जुळवत आले होते. पण तोंडातून एवढंच निघालं, "मालन, किती वर्षं गं?"

"काय किती वर्षं?" ती म्हणाली आणि भाता ओढला. "चल, तुझ्या पदानं सुरुवात करू."

ध्रुपद सगळ्यांनी म्हटलं. सगळ्याजणी माझ्याकडं न बघण्याची काळजी घेत होत्या, आणि ते न बघणंच मला भाजत होतं. ध्रुपद संपलं. अंतऱ्याची जागा आली आणि मला तोंडच उघडेना. तबला माझ्यासाठी एक आवर्तन फिरून परत समेवर आला.

मालन माझ्याकडं झुकली. तिच्या केसांच्या तेलाचा वास आला. आणि माझ्या कानाशी, मी इतकी वर्षं जो नको म्हणत आले तो सूर तिनं लावला, हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असा.

मी तो धरला आणि म्हणायला लागले.